विहिणीचा वाटा

सारिकुदुक, सोमवार, ता. ८ जून १९९८

सौ. विहीणबाई बालजान यांस,
झांगिलचा सप्रेम सलाम वि. वि.

तर सगळ्यांत आधी आला तो टँकरवाला येसबोल, आणि तोही लांबूनच हॉर्न वाजवत. म्हणाला, आजी, मागून एक जीप येतेय, तिच्यात एक गोरी म्हातारी आहे आणि तिच्या शेजारी तुमची तोग्जान बसलीय. मी म्हटलं, डिझेलच्या वासाने डोकं फिरलं का रे तुझं, तोग्जान यायची ती पुढच्या आठवड्यात, आगगाडीने. तर म्हणे, मग खिडकीतून अर्धी बाहेर लोंबणारी ती पोर दुसऱ्या कुणाची असेल. विहीणबाई, मी डोक्याला रुमाल न बांधता धावले. साठी उलटलेली बाई, उघड्या डोक्याने! आमचा कुत्राही मला ओळखेना, माझ्याच अंगावर भुंकला.

आता आधी भांडून घेते. परक्या बाईच्या जीपमधून पोरीला एवढ्या वाळवंटातून धाडलीत आणि मला अक्षरानं कळवलं नाहीत. पण आठवडाभर आधी पोचली म्हणून माफ केलं. नऊ महिने बोटं मोजत होते हो. पोरगी हातभर वाढलीय, पुढचा एक दात पडलाय (तो जपून ठेवलात ना?), आणि मी दोन वेण्या घालून धाडली होती ती कानापर्यंत केस कापून आलीय. शहरात उवा असतात हे मला ठाऊक आहे, पण तेवढ्यासाठी कात्री?

आणि एक गोष्ट पोटात ठेवणार नाही. जेवायला बसली की म्हणते, शहरच्या अपाकडे काटेचमचे असतात. निजली की शहरच्या अपाकडे पलंग असतो. तिची अपा, तिची आजी, ती मी, विहीणबाई. पहिलं नातवंड बापाच्या आईचं, हा रिवाज तुम्हीच सोयरिकीच्या बैठकीत मान हलवून कबूल केला होतात. शाळेपुरती पोर तुमच्याकडे ठेवली, नाव वाटून घ्यायला नाही.

असो. बाई तुमच्याकडूनच आली, तरी मला कळलं ते सांगते. नाव एदित. सत्तरीची आहे, पाय बगळ्यासारखे. तिचा पणजोबा झारच्या काळात कापडाच्या व्यापाऱ्याचं सोंग घेऊन उंटावरून आपलं हे सगळं पठार ओलांडून गेला. चष्मा मात्र डोळ्यांवर तसाच, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच सगळ्यांना कळलं असणार. ज्या ज्या विहिरीचं पाणी प्याला, तिचं नाव त्याने वहीत लिहून ठेवलं, आणि ही बाई आता तीच वही घेऊन विहिरीविहिरीवरून जीप नेतेय. दौलेत नावाचा मुलगा जीपही हाकतो आणि बोललेलं समजावूनही सांगतो. सारिकुदुकपुढे म्हाताऱ्याने लिहिलंय, पाणी गोड, माणसं बोलकी. मी दौलेतला तीनदा वाचायला लावलं. मग सहज विचारलं, समुद्राकाठच्या तुमच्या बाजूबद्दल काय लिहिलंय. तर म्हणे, मासळी शिळी, डास फार. मला वाईट वाटलं हो. हसले ते नंतर.

माझा ओरिनबाय आणि तुमची कुल्याश दोघंही कळप घेऊन लांब चराईवर, घरात कापायला एक कोकरू नाही. पण झांगिलच्या दारातून पाहुणा नुसत्या चहावर गेला असं कुणी म्हणायला नको. काय शिजवलं ते विचारू नका. पातेलं भरलेलं होतं. बाईने खुब्याचं मोठं हाड पुढ्यात घेतलं आणि मनगटापर्यंत हात चाटला.

पोरीला दोन ओळी लिहायला सांगते आणि येसबोलच्या हाती पत्र देते, तो घाई करतोय. लोभ असू द्यावा, कात्री दूर असू द्यावी.

आपली,
झांगिल

शहरच्या अपा, मी बरी आहे. पिठाच्या कोठीतलं तुमचं मांस आम्ही एदितला दिलं. मी पण खाल्लं. खूप चांगलं होतं. तोग्जान, पहिली क.


अक्ताऊ, रविवार, ता. १४ जून

झांगिलबाई यांस,
बालजानचा सलाम. वि. वि. लिहीत नाही, कारण विनंती काही नाही.

तुमचं पत्र मी खिडकीत बसून शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवत होते. आमची विहीण कशी गमतीदार लिहिते, ऐका, असं मीच तिला बोलावलं होतं. पोरीच्या ओळीपाशी आले तेव्हा तोंड मिटायला उशीर झाला होता. शेजारणीने संध्याकाळी वाटीभर खिमा आणून दिला. कीव येऊन.

हिवाळ्यात घोडी कापली की खुब्याचं हाड विहिणीसाठी मीठ लावून राखायचं, आणि ती येऊन खाईपर्यंत घरच्या माणसानेही त्याला हात लावायचा नाही. हे मी तुम्हाला शिकवायचं? वसंतात माझे गुडघे धरले होते म्हणून आले नाही. त्यावर तुम्हीच निरोप धाडला होतात की सावकाश या, तुमचा वाटा पिठात सुखरूप आहे. विहिणीचा वाटा दुसऱ्याच्या पानात वाढणं म्हणजे तू आमची कुणी नव्हेस असं चारचौघांत सांगणं. आमच्या आळीत अशाच एका हाडावरून दोन घरं सतरा वर्षं एकमेकांच्या मयताला गेली नाहीत.

आणि शिळी मासळी म्हणे! ती बाई माझ्याकडे चार दिवस राहिली. माझी मासळी तिने दोनदा मागून घेतली, तोग्जान साक्षीला आहे. तिच्या पणजोबाला शिळी मिळाली असेल तर ती त्याने कुणाच्या घरी खाल्ली ते त्याला विचारा.

पोरीचे केस उवांसाठी कापले नाहीत. तिने स्वतः कात्री चालवली, अर्ध्या बाजूने. उरलेली बाजू मी सारखी केली. हे तुम्हाला तिने सांगितलं नसेल.

आता कामाचं. जीप पलीकडच्या विहिरी करून परत फिरेल तेव्हा तोग्जानला तिच्यात बसवून द्या. ऑगस्टची वाट बघायची नाही. जिथे माझा वाटा राहत नाही तिथे माझी नात कशाला राहील? उन्हाळा ती इथे समुद्रावर काढेल. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू, आणि बघूच असं नाही.

पत्र पोचल्याचं येसबोलजवळ तोंडी सांगितलं तरी चालेल.

बालजान


सारिकुदुक, रविवार, ता. २१ जून

सौ. विहीणबाई बालजान यांस,
झांगिलचा सप्रेम सलाम, आणि यावेळी वि. वि. दहादा.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी घरी नव्हते. कुठे होते म्हणाल, तर जीपमध्ये! एदितला खाऱ्या विहिरीची वाट सापडेना. वहीत लिहिलंय की तीन टेकड्या उजव्या हाताला ठेवाव्यात. आता वाऱ्याने दोनच शिल्लक ठेवल्यात. मी म्हटलं, सरका, आणि पुढच्या सीटवर बसले. तोग्जान माझ्या मांडीवर. उंटावरून दोन दिवसांची वाट, आम्ही दुपारच्या आत अर्धी कापली. दौलेतने खिडक्या मिटल्या तर आत भट्टी, उघडल्या तर तोंडात माती. मग मिठाच्या दलदलीत मागची चाकं रुतली. वरून पांढरं, कडक, आरशासारखं दिसतं, आणि खाली खीर. दौलेत फावडं घेऊन खणत राहिला, तसतशी गाडी खालीच चालली. मी त्याला बाजूला केलं, मागे बसायला घातलेले दोन्ही नमदे चाकांखाली पसरले, वर काटेरी झुडपं, आणि सगळ्यांना ढकलायला लावलं. बाईलाही. निघाली! चष्मेवाल्याचे चार उंट तिथेच गेले असं वहीत आहे. त्याच्याबरोबर कुणी झांगिल नव्हती.

खाऱ्या विहिरीपासून एदित आणि दौलेत पुढे अराळ समुद्राच्या बाजूला गेले. आम्हा दोघींना मेंढ्यांच्या ट्रकने घरी सोडलं. घरी येते तो तुमचं पत्र.

विहीणबाई, मी चूलही न पेटवता बसून राहिले. पोर विचारत होती, अपा, काय लिहिलंय. मी म्हटलं, केसांचं लिहिलंय. तिने मान खाली घातली.

आता खरं सांगते. खोटं लिहिलं तर तुम्ही ओळखाल. पाहुणी बसली होती, मी चहा ओतत होते, आणि तोग्जान सगळ्यांसमोर म्हणाली, शहरच्या अपाने तीन तऱ्हेची मासळी वाढली होती, आपल्याकडे काय आहे. दौलेतने ते बाईला समजावून सांगितलंही नाही. तरी माझे कान तापले. उठले आणि पिठाच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला. ते हाड कुणाचं हे विसरले होते असं लिहिणार होते. विसरले नव्हते. कोठीत लहान हाडंही होती, बरगडी होती. मला त्या क्षणी तुमचंच हाड हवं होतं. तुमच्या तीन मासळ्यांवर तुमचंच हाड ठेवायचं होतं.

आता शिव्या घाला. पण पोरीला नेऊ नका. नऊ महिने तुमचे, तीन माझे, त्यातले पंधरा दिवस ही चिठ्ठ्यांची भांडणं खाऊन बसली. इथे ती सकाळी उंटिणीखाली तांब्या धरते, तिला धार काढता यायला लागलीय, पायांना पुन्हा भेगा पडल्यात. तुम्ही नेलीत तर ती समुद्रावर सुखात राहील, ते मला ठाऊक आहे. तीच भीती आहे.

ओरिनबायला निरोप धाडलाय, तो मेंढी घेऊन येईल. तुम्ही या. माझ्या हाताने खुब्याचं हाड तुमच्यापुढे ठेवते.

राग धरलात तरी धरा, पण लोभाचं टोक सोडू नका.

तुमची चुकलेली,
झांगिल


शेतपे, शनिवार, ता. २७ जून

झांगिलबाई यांस,
सलाम वि. वि.

निघाले आहे. पोरीला न्यायला निघाले आहे, जेवायला नव्हे, गैरसमज नको. येसबोलच्या टँकरमधून. त्याचं पुढचं चाक शेतपेच्या अलीकडे फुटलं. आता तो चहाच्या टपरीमागे चाकाला हातोडे मारतोय आणि मी टपरीत. दुकानदाराकडून कागद मागितला. एक मिठाचा ट्रक आमच्याआधी तुमच्या बाजूला जाणार आहे, त्याच्याकडे देते. म्हणजे घर झाडून ठेवायला तुम्हाला अर्धा दिवस मिळेल.

त्या चष्मेवाल्याला मी मूर्ख समजत होते. आता वाटतं, उंटावर तरी त्याला वारा लागत असेल. टँकरच्या पुढच्या भागात इंजिन थेट माझ्या पायांखाली. येसबोल दर कोसाला म्हणतो, आजी, गुडघ्यांना शेक चांगला. सकाळी कड्याची उतरण आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, घाबरू नका, मीही मिटतो. वाटेवर पाणी म्हणून दिसलं ते तीनदा पाणी नव्हतं. माझी आई याच वाटेने नवरी होऊन समुद्राकडे आली होती, सतरा दिवस. तिने कधी एक शब्द सांगितला नाही. का ते आज कळलं.

तुमचं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं नाही. एकटीने वाचलं. तीन मासळ्यांची ओळ पुन्हा वाचली.

आता तुम्हीही ऐका. नऊ महिने ही पोर माझ्या घरी जेवायला बसली की काय म्हणायची माहीत आहे? माझ्या अपाकडे दूध आंबट असतं, तुमचं पाण्यासारखं आहे. माझी अपा वाऱ्यावरून सांगते उद्या काय होणार, तुम्हाला रेडिओ लागतो. मी पलंग केला तर म्हणे, माझी अपा जमिनीवर निजते म्हणून तिची पाठ दुखत नाही. तीन तऱ्हेची मासळी मी कशाला केली असेन? बाई खाणार होती एकच. पोरीने त्या गोऱ्या बाईसमोर तुमच्या भाकऱ्यांचं कौतुक मांडलं होतं. मग मीही कान तापवूनच चुलीपाशी गेले होते.

हे मी सांगणार नव्हते. उन्हाने लिहवून घेतलं.

पण हाडाचं विसरलेले नाही. तोग्जानची पेटी भरून ठेवा. चाक झालंसं दिसतंय.

बालजान


सारिकुदुक, सोमवार, ता. ६ जुलै

सौ. विहीणबाई बालजान यांस,
झांगिलचा सप्रेम सलाम वि. वि. गुडघे कसे आहेत?

तुम्ही शहरात हे सगळं आपल्या पद्धतीने सांगाल, म्हणून मी आधीच लिहून ठेवते. शेजारणीला हेच वाचून दाखवा.

तुम्ही टँकरमधून उतरलात त्या पाठमोऱ्या, शिडीला धरून, आणि पाय जमिनीला लागायच्या आत विचारलंत, पेटी भरली का. भरली होती. तुमच्या गळ्यात पडताना पोर रडली, मग माझ्या गळ्यात पडून रडली, मग कुत्र्याच्या. दोन दिवस आपण एकमेकींशी भांड्यांमार्फत बोललो. तिसऱ्या दिवशी जीप आली, ओरिनबायही मेंढी घेऊन आला. मी पहाटेपासून खपून खुब्याचं हाड तुमच्यापुढे ठेवलं. तुम्ही ताट दोन बोटांनी लांब सारलंत. म्हणालात, उन्हाळ्याच्या मेंढीने हिवाळ्याची घोडी भरून येत नाही. बरोबरच होतं. ओरिनबायने भिंतीकडे बघितलं, दौलेतने छताकडे. मी मनात म्हटलं, गेली पोर.

आणि मग, विहीणबाई, आठवतं ना? आपण दोघी तोग्जानला जवळ बसवायला एकाच वेळी सरकलो, मधे जागा केली. आणि ती उठली आणि सरळ जाऊन त्या एदितच्या मांडीवर बसली! तिथून तिने जाहीर केलं की एदित अपाकडे अशी पेन्सिल आहे की जी कधी टोकावी लागत नाही. आणि एदित अपाच्या देशात रोज पाऊस पडतो. आणि आता ती एदित अपाबरोबर सगळ्या विहिरी बघणार आणि वहीत नावं लिहिणार. एदित अपा! दौलेतने समजावून सांगितल्यावर ती बाई लाजली काय, पोरीचे केस कुरवाळले काय.

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. माझ्या आयुष्यात मला कुणाचा चेहरा इतका आपला वाटला नाही.

तुम्ही ताट पुढे ओढलंत, हाड उचललंत आणि चावा घेतलात. मीठ कमी आहे म्हणालात. मीठ बरोबर होतं.

भांडी घासताना आपलं ठरलं तेही लिहून ठेवते. या बाईला इथून हलवायची. पण पोरीला त्याच जीपमधून नेली तर शहरापर्यंत दोन दिवस तिच्या मांडीवर बसून जाणार. तेव्हा तुम्ही म्हणालात, पोर राहू दे इथे, बाईला मी घेऊन जाते. मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी ताटली पुन्हा पुन्हा घासत राहिले. तुम्ही म्हणालात, पुरे, तिची नक्षी जाईल.

आता पुढचं तुम्हाला ठाऊक नाही, कारण जीपमागे धूळ होती आणि तुम्ही सवयीने डोळे मिटून बसला असाल.

जीप हलली तशी मी मनात म्हटलं, जिंकले. पोर माझ्याजवळ, पेटी घरात, बाई वाटेला. हात धरून आत नेणार तो तिने हात सोडवला आणि धावली. अनवाणी, त्या तापलेल्या मातीवरून, सुक्या तळ्यापर्यंत. मी मागून हाका मारतेय, माझे पाय ते केवढे. हाक मारत होती ती कुणाला, हे तुम्हाला सांगू की नको, यावर मी दोन दिवस घालवले. सांगितलं नाही तर कुणाला कळणार होतं? कुत्र्याला.

विहीणबाई, एदितला नव्हे. अपा, अपा म्हणून ओरडत होती, आणि मी तिच्या मागे उभी होते.

तिला उचलून आणताना लागलं हो मला, लागलं नाही असं नाही. मी तिला म्हटलं, रडू नको, तुझ्या अपाला परत बोलावू. तेव्हा कुठे हुंदके थांबले. रात्री निजताना म्हणाली, तुम्ही दोघी एका घरात असलात की तुम्ही फार भांडता, पण मग मला कुणाची आठवण येत नाही.

म्हणून आता माझी ऐका. शाळेच्या आदल्या दिवशी येऊन पोरीला घेऊन जाण्यात काय हशील? आधी या, पंधरा दिवस राहा, मग तुम्हीच तिला घेऊन जा. जमिनीवर निजवणार नाही, ओरिनबाय फळ्या ठोकून बाज करतोय. केस वाढतायत. एदित आली तर तिलाही येऊ द्या, तिच्या दक्षिणेच्या विहिरी राहिल्यात. दोघी मिळून बघू तिच्याकडे.

पोरीला सांगून ठेवलंय, तुमच्या मांडीवर आधी बसायचं, मग माझ्या. ऐकेल असं नाही.

लोभ तुमचा आहे, माझा आहे, दोन्ही तिच्यासाठी कमीच पडतील, तेव्हा वाढवत राहावा.

आपली,
झांगिल

ता. क. दौलेतने जीप हलवताना खिडकीतून ओरडून दक्षिणेच्या विहिरींसाठी जीप परत आणायचा दिवस सांगितला होता आणि तुम्हीही मान हलवली होतीत, तोग्जानने तो कोळशाने दारावर लिहून ठेवलाय: सोमवार, दहा ऑगस्ट.